स्पेनच्या राजछत्राखालील वसईचे मठ आणि माहुली-मुरबाडचा घाटतळ
(शके १५०३ ते शके १५६३)

वसई, ठाणें व साष्टी येथील ख्रिस्ती मठांच्या अवशेषांविषयीं लिहितांना ‘पोर्तुगीज’ किंवा ‘फिरंगी’ हा एकच शब्द योजण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. ती सोयीची खरी. परंतु तिच्यामुळें एक महत्त्वाची गोष्ट झांकली जाते. इ. स. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. वसईच्या कोटांत ह्या काळांत जे मठ उठले, जीं देवळें नव्यानें बांधलीं गेलीं, त्यांचा धनी लिस्बनच्या राजघराण्यांतला नसून माद्रिद व एस्कोरियल येथें राहणारा होता. एस्कोरियलचा राजवाडा, माद्रिदचीं राजाश्रित जोगिणींचीं मठस्थानें आणि वसईचा कोट हीं सर्व साठ वर्षें एका छत्राखालीं होतीं.

ह्या छत्राची सावली पूर्वेस कोठपर्यंत पडत होती व ती जेथें संपली तेथें काय घडलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्यासाठीं आम्ही शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील दोन घाटतळचे तालुके डोळ्यांपुढें ठेविले आहेत. वसई तालुका इ. स. २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो. हे दोन तालुके ठाणें जिल्ह्यांतच आहेत. त्यांत स्पॅनिश राजाचा अंमल कधींच बसला नाहीं. परंतु सीमेचा इतिहास एका बाजूनें लिहितां येत नाहीं. वसईचे मठ समजावयाचे तर माहुलीच्या डोंगरावरूनहि त्यांच्याकडे एकदां पाहिलें पाहिजे.

१. दोन राज्यें एक कशीं झालीं

पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्त्यांव हा ४ ऑगस्ट १५७८ रोजीं मोरोक्कोंतील आल्कासेर किबीरच्या रणांत पडला. त्यास संतान नव्हतें. त्याच्यामागें त्याचा वृद्ध चुलत-आजोबा कार्डिनल हेन्रीक गादीवर आला व जानेवारी १५८० मध्यें वारला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप ह्याची आई इझाबेल ही पोर्तुगालच्या मानुएल राजाची कन्या होती. ह्या नात्यानें त्यानें वारसा सांगितला व सैन्य पाठवून तो खराहि करून घेतला. एप्रिल १५८१ मध्यें तोमार येथील ख्रिस्त-संप्रदायाच्या मठांत पोर्तुगालची राजसभा भरली आणि तेथें त्यास राजा म्हणून शपथ वाहण्यांत आली. एवढ्या मोठ्या राज्याचें हस्तांतर राजवाड्यांत न होतां मठांत झालें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तोमारच्या ठरावानें पोर्तुगालचे कायदे, भाषा, नाणें व अधिकारी स्वतंत्र राहिले. हिंदुस्थानांतील जागा पोर्तुगीजांसच द्यावयाच्या, असें ठरलें. नवा व्हाइसरॉय सप्टेंबर १५८१ मध्यें गोव्यास उतरला व त्याच सुमारास तेथें फिलिपच्या नांवाची शपथ झाली. पुढें १ डिसेंबर १६४० रोजीं लिस्बन येथें बंड होऊन ब्रागांसा घराण्याचा चौथा जुआंव राजा झाला. ती बातमी गोव्यास सप्टेंबर १६४१ मध्यें पोहोंचली. म्हणजे युरोपांत ह्या राजवटीची मर्यादा १५८० ते १६४० असली तरी कोंकणापुरती ती सप्टेंबर १५८१ ते सप्टेंबर १६४१ अशी धरावी लागते. कागदांच्या मित्या लावतांना ह्या नऊ महिन्यांचा फरक विसरून चालणार नाहीं.

दुसरी सावधगिरी राजांच्या नांवांची. स्पेनचा दुसरा फिलिप हा पोर्तुगालचा पहिला; स्पेनचा तिसरा तो पोर्तुगालचा दुसरा; आणि स्पेनचा चौथा तो पोर्तुगालचा तिसरा. पहिला १५९८ मध्यें व दुसरा १६२१ मध्यें वारला. गोव्याच्या कागदांत पोर्तुगीज अनुक्रम असतो. स्पॅनिश ग्रंथांत स्पॅनिश. नुसता ‘तिसरा फिलिप’ एवढाच उल्लेख पाहून कागद वीस वर्षें मागें किंवा पुढें ढकलण्याचा प्रमाद सहज घडूं शकतो. ह्या लेखांत आम्ही सर्वत्र स्पॅनिश अनुक्रम धरिला आहे.

२. राजवाडा व मठ एकाच तटांत

स्पेनच्या राजकुळाची एक रीत आपल्या वाचकांस मुद्दाम सांगितली पाहिजे. तेथें राजवाडा व मठ हीं दोन वेगळीं स्थानें मानीत नसत. दुसऱ्या फिलिपचा बाप, सम्राट पांचवा चार्ल्स, हा राज्यत्याग करून युस्ते येथील हिएरोनिमाइट संन्याशांच्या मठाला लागून बांधलेल्या वाड्यांत राहिला व सप्टेंबर १५५८ मध्यें तेथेंच निवर्तला. फिलिपची बहीण दोना हुआना हिनें माद्रिदमध्यें ज्या वाड्यांत आपला जन्म झाला त्याच वाड्याचा १५५९ मध्यें फ्रान्सिस्कन पंथाच्या जोगिणींचा मठ केला. त्यास देस्काल्सास रेआलेस, म्हणजे ‘राजाश्रित अनवाणी जोगिणींचा मठ’, असें नांव आहे. ही हुआना पोर्तुगालच्या सेबास्त्यांव राजाची आई. जिनें वाड्याचा मठ केला तिच्याच पुत्राच्या मरणानें वसईचा कोट तिच्या भावाकडे गेला. तिसऱ्या फिलिपची राणी मार्गारेता हिनें १६११ मध्यें माद्रिदच्या राजवाड्याशेजारीं एन्कार्नासिओन हा ऑगस्टिनियन जोगिणींचा मठ स्थापिला. त्याची वास्तु १६१६ मध्यें पूर्ण झाली.

ह्या सर्वांचा मेरुमणि म्हणजे एस्कोरियल. एप्रिल १५६३ मध्यें त्याचा पहिला दगड बसला व सप्टेंबर १५८४ मध्यें शेवटचा. राजवाडा, मठ, देऊळ, राजांचें थडगें, पाठशाला व ग्रंथालय हीं सर्व त्या एका वास्तूंत आहेत. राजाच्या शेजघरांतून देवळाची मुख्य वेदी दिसावी अशी रचना केलेली आहे; त्याच घरांत फिलिपनें सप्टेंबर १५९८ मध्यें देह ठेविला. हस्तलिखितांच्या संग्राहकांस एस्कोरियलचें ग्रंथालय विशेष मोलाचें वाटेल. मोरोक्कोचा सुलतान झैदान ह्याचा ग्रंथसंग्रह समुद्रांत स्पॅनिशांच्या हातीं सांपडला तो १६१४ मध्यें येथेंच आणून ठेविला. पुढें १६७१ च्या आगींत त्यांतील पुष्कळ पोथ्या जळाल्या. राजाश्रय असलेल्या दगडी वास्तूंतहि पोथी अमर होत नाहीं.

ही रीत सांगण्याचें कारण असें कीं, पूर्वेकडील मठांस मिळणारा राजाश्रय हा नुसता दानधर्म नव्हता. पोपानें पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील धर्मपीठांचें पालकत्व दिलें होतें. धर्माधिकाऱ्यांच्या नेमणुका राजानें सुचवावयाच्या व मठमंदिरांचा खर्च राजानें चालवावयाचा, असा तो करार. फिलिपकडे गादीबरोबर हें पालकत्वहि आलें. माद्रिदच्या राजवाड्यांत पोर्तुगालच्या कारभारासाठीं वेगळी सभा बसत असे. कोंकणांतील प्रश्न लिस्बनवरून तिच्यापुढें जात व वर्षां-दोन वर्षांनीं त्यांचीं उत्तरें गोव्याच्या बंदरांत उतरत.

३. वसईचे मठ

वसई व तिच्याखालचा मुलूख गुजराथच्या बहादूरशहानें डिसेंबर १५३४ मध्यें पोर्तुगीजांस दिला. म्हणून वसईचें सगळेंच बांधकाम स्पॅनिश काळांत घालणें चूक होईल. सेंट सेबास्टियनच्या बुरुजावरील लेख १५५४ चा आहे. फ्रान्सिस्कन व जेझुइट ह्या दोन्ही पंथांचीं ठाणीं वसईंत झेवियरच्या हयातींतच बसलीं होतीं. मंडपेश्वरचें लेणें ताब्यांत घेऊन तेथें देऊळ व वर ‘राजविद्यालय’ करणारा फ्रान्सिस्कन साधु आंतोनियु दु पोर्तु हाहि त्याच आधींच्या पिढींतला. शैव लेण्यावर ख्रिस्ती मठ व त्या मठास राजाचें नांव, हा प्रकार फिलिपच्या पूर्वींच सुरू झालेला होता.

फिलिपच्या काळांत तीन गोष्टी नव्या झाल्या. पहिली, डोमिनिकन पंथाचा सेंट गोन्सालोचा मठ. त्याची स्थापना १५८३ ची. दुसरी, ऑगस्टिनियन पंथाचा जोर. गोव्याचा आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिश हा ह्याच पंथाचा होता. त्याच्या कारकीर्दींत १६०१ मध्यें वसईच्या सेंट जोसेफच्या मुख्य देवळाचा जीर्णोद्धार झाला. त्या दारावरील पोर्तुगीज शिलालेखांत साल १६०१, आर्चबिशप मेनेझिश व वसईचा व्हिकार पेद्रु गाल्वांव पेरैर हीं नांवें आहेत. वसईंतील जे लेख ह्या साठ वर्षांचे म्हणून निश्चयानें सांगतां येतात त्यांपैकीं हा प्रमुख होय. त्यांत राजाचें नांव मात्र नाहीं. ह्याच मेनेझिशनें १६०६ मध्यें गोव्यांत सांता मोनिकाचा जोगिणींचा मठ घातला. तो पुढें ‘राजमठ’ म्हणून प्रसिद्धीस आला. माद्रिदचा एन्कार्नासिओन व गोव्याचा सांता मोनिका हे दोन्ही ऑगस्टिनियन जोगिणींचे, दोन्ही राजाच्या नांवानें चालणारे व दोहोंच्या स्थापनेंत अवघें पांच वर्षांचें अंतर. त्यांतहि गोव्याचा आधींचा, हें वाचकांनीं पाहावें.

तिसरी गोष्ट दगडाची. गोव्याचा जांभा मऊ व पावसानें झिजणारा. म्हणून दारें, खांब व दर्शनी भाग ह्यांसाठीं वसईकडील काळा फत्तर गलबतांतून गोव्यास नेत. १६०८ ते १६१० पर्यंत गोव्यांत राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल ह्यानें वसईहून गोव्यास इमारतीचा दगड व जहाजांसाठीं लांकूड येतें, असें लिहून ठेविलें आहे. गोव्याचें बों जेझूस हें देऊळ १५९४ मध्यें सुरू होऊन १६०५ मध्यें पूर्ण झालें. म्हणजे तें सर्वस्वीं फिलिपांच्या काळचें. त्याच्या दर्शनी भागावर वसईकडचा फत्तर आहे. सह्याद्रीचा काळा दगड कोंकणच्या किनाऱ्यावर घडून स्पॅनिश राजाच्या देवळास लागला.

मठांचा चरितार्थ कशावर चाले, हेंहि सांगितलें पाहिजे. पोर्तुगीज अंमलांत वसईच्या मुलुखांतील गांवें तीन पिढ्यांच्या बोलीवर ठरीव खंड घेऊन सरदारांस देत व घोडेस्वार बाळगण्याची जबाबदारी त्यांवर ठेवीत. सिमांव बोतेल्यु ह्याच्या १५५४ च्या ‘तोंब्यां’त, म्हणजे जमाबंदीच्या वहींत, वसईच्या परगण्यांचें उत्पन्न गांववार दिलेलें आहे. ह्या जमिनींचे तुकडे देणगीनें व मृत्युपत्रानें मठांकडे जात. राजाची परवानगी असल्यावांचून मठांनीं जमीन मिळवूं नये, असा कायदा होता. मठांचें दान व राजाचा खंड ह्यांचें भांडण ह्यांतूनच उत्पन्न होई, व त्याचे कागद आज इतिहासाच्या कामीं येतात.

४. घाटतळची सीमा

आतां पूर्वेकडे वळूं. वसईचा कोट उल्हास नदीच्या मुखाशीं उभा आहे. त्या नदीस वरून येऊन मिळणाऱ्या दोन मोठ्या नद्या म्हणजे भातसा व काळू. भातसा थळ घाटाच्या बाजूनें शहापुरांतून येते. काळू माळशेजच्या डोंगरांतून मुरबाडांतून येते. म्हणजे शहापूर व मुरबाडच्या डोंगरांवर पडणारें बहुतेक पाणी वसईच्या तटाखालून समुद्रास मिळतें. पाण्याची वाट एक, पण राज्यें दोन. मध्यें कल्याण-भिवंडीचा मुलूख निजामशाहीकडे, त्याच्यामागें माहुलीचा किल्ला. पोर्तुगीज हद्द पूर्वेस अशेरी-मनोरपर्यंत. तो मुलूख त्यांनीं १५५६ मध्यें घेतला तो तेथील सागवानासाठीं व वसईच्या रक्षणासाठीं.

शहापूर व मुरबाड ह्यांचें महत्त्व रानांपेक्षां वाटांमुळें होतें. भिवंडीहून शहापुरावरून थळ घाट चढून नाशिककडे एक वाट जाते. कल्याणहून मुरबाड, टोकावडें, वैशाखरें ह्या गांवांवरून नाणेघाट चढून जुन्नरास दुसरी जाते. नाणेघाटांतील सातवाहनांचा लेख ह्या वाटेच्या पुरातनपणाची साक्ष देतो. जुन्नर हें निजामशाहीचें मूळ ठाणें. कल्याण तिचें बंदर. ह्या दोहोंस जोडणारी दोरी मुरबाडांतून जात होती. नाणेघाटावर जीवधन, माळशेजच्या माथ्यावर हरिश्चंद्रगड, थळ घाटाच्या वाटेवर माहुली, हे किल्ले त्या दोरीच्या गांठी होत.

वसईचे फिरंगी व निजामशाही ह्यांचा संबंध शेजाऱ्यांचा, म्हणजे कधीं व्यापाराचा व कधीं लढाईचा, असा होता. फिलिपच्या काळांतली मोठी लढाई चौलाजवळील कोर्लईची. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें तेथें डोंगरावर किल्ला बांधून चौलास शह दिला. सप्टेंबर १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं तो हल्ला करून घेतला. त्यांत वसईची कुमक होती. ह्या जयानंतर किनारा फिरंग्यांचा व घाटतळ दक्षिणी सत्तेचा, ही वांटणी पक्की झाली. माहुली-मुरबाडचा भाग घाटतळांत राहिला.

५. शके १५५८: माहुली

ह्या सीमेची खरी कसोटी लागली ती इ. स. १६३६ मध्यें. १६३३ मध्यें दौलताबाद पडल्यावर शहाजी राजांनीं मुर्तजा नांवाच्या निजामशाही बालकास गादीवर बसवून राज्य चालविलें. १६३६ च्या आरंभीं शहाजहान स्वतः दक्षिणेंत आला. मे १६३६ मध्यें आदिलशहानें मोंगलांशीं तह केला, व ज्या विजापूरचा आधार होता तेंच विजापूर शहाजी राजांवर उलटलें. मोंगलांचा खान जमान व आदिलशाहीचा रणदुल्लाखान असे दोघे त्यांच्या पाठीवर निघाले. शहाजहानच्या दरबारी तवारिखेंत असें नमूद आहे कीं, राजे कोंकणांत उतरून फिरंग्यांकडे आश्रयास गेले, फिरंग्यांनीं तो दिला नाहीं, व मग ते माहुलीस येऊन बसले. माहुलीस वेढा पडला. शेवटीं त्या सालच्या पावसाळ्यानंतर राजांनीं बाल निजामशहा शत्रूच्या स्वाधीन केला, माहुलीसह त्रिंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन वगैरे किल्ले सोडले व आदिलशाहीची चाकरी पत्करली. निजामशाही अशी शहापूरच्या डोंगरावर संपली.

फिरंग्यांचा हा नकार कोणाचा? सामान्यतः ‘पोर्तुगीजांनीं आश्रय दिला नाहीं’ एवढेंच लिहितात. पण त्या वेळचा व्हाइसरॉय पेरु द सिल्व्ह हा चौथ्या फिलिपचा चाकर होता, व त्या फिलिपच्या युद्धांचा भार गोव्यावर पडला होता. डच हे मुळांत स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेले बंडखोर. पोर्तुगाल स्पेनला जोडलें गेल्यामुळें डचांचें हत्यार पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांवर वळलें. १६०९ ते १६२१ ही बारा वर्षांची तहकुबी संपतांच लढाई पुन्हां पेटली. १६२२ मध्यें होर्मुझ गेलें, तें इराणचा शहा व इंग्रज ह्यांच्या हातून. १६३६ पासून तर डचांनीं गोव्याच्या मुखाशींच नाकेबंदी धरिली. उत्तरेस शहाजहाननें १६३२ मध्यें बंगाल्यांतील हुगळी घेऊन तेथील फिरंग्यांचा फडशा पाडला होता. अशा वेळीं ज्याच्या मागें शहाजहान स्वतः लागलेला, त्यास थारा देणें म्हणजे वसई व दमण पणास लावणें होतें. ही भीति पोकळ नव्हती. १६३८-३९ मध्यें दक्षिणेच्या सुभेदारीवर असलेल्या औरंगजेबाच्या फौजांनीं दमणास वेढा घातलाच.

म्हणून आमचें मत असें कीं, शहाजी राजांस मिळालेल्या नकाराचीं मुळें चौल किंवा वसईच्या कप्तानाच्या भित्रेपणांत शोधूं नयेत. तीं स्पेन व डच ह्यांच्या वैरांत, म्हणजे पर्यायानें माद्रिदच्या राजनीतींत आहेत. शहाजी राजे कोंकणांत जें दार ठोठावीत होते त्याच्या मागच्या घराचा धनी हजारों मैलांवर होता, व तो आपल्याच शत्रूंनीं गांजलेला होता.

ह्याच सुमारास त्या धन्याच्या घरीं काय चाललें होतें तेंहि पाहावें. माद्रिदच्या पूर्वेस सान हेरोनिमोच्या राजमठाला लागून चौथ्या फिलिपसाठीं बुएन रेतिरो हा नवा राजवाडा उठत होता; येथेंहि वाडा व मठ एकत्रच. १६३५ मध्यें त्यांतील ‘राज्यांचें दालन’ सजलें. त्यांत राजाच्या चोवीस राज्यांचीं चिन्हें, त्यांत पोर्तुगालचेंहि, व बारा विजयांचीं चित्रें होतीं. पोर्तुगीज मुलुखांतील बाहियाचा पुनर्विजय तेथें रंगविला गेला. कोंकणचा एकहि प्रसंग तेथें नाहीं. आणि त्याच १६३५ सालीं गोव्यांत आंतोनियु बोकारु ह्यानें पूर्वेकडील सर्व किल्ल्यांचें वर्णन व पेद्रु बार्रेतु द रेझेंद ह्यानें त्यांचे नकाशे असा ग्रंथ ह्याच राजासाठीं सिद्ध केला. त्यांत वसईहि आहे. दालनांत विजय रंगले जात असतां ग्रंथांत किल्ल्यांची तटबंदी, तोफा व खर्च मोजला जात होता. माहुलीच्या वेढ्याच्या आदल्या वर्षाचें हें चित्र होय. पुढें पांच वर्षांत पोर्तुगाल त्या दालनांतून निसटलें.

६. अवशेष व कागद ओळखण्याच्या कसोट्या

ह्या विवेचनाचा संग्राहकांस उपयोग व्हावा म्हणून कांहीं कसोट्या देतों.

पहिली राजचिन्हाची. तोमारच्या ठरावामुळें पोर्तुगीज मुलुखांत पोर्तुगालचेंच राजचिन्ह चालू राहिलें. म्हणून एखाद्या शिळेवर स्पेनचें चिन्ह नाहीं एवढ्यावरून ती १५८० पूर्वींची किंवा १६४० नंतरची ठरत नाहीं. निर्णय सालावरून व अधिकाऱ्यांच्या नांवांवरून करावा.

दुसरी घंटांची. चिमाजी अप्पांनीं मे १७३९ मध्यें वसई घेतल्यावर तेथील घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१, व मुरबाडच्या डोंगरांपलीकडे घाटावर असलेल्या भीमाशंकराच्या घंटेवर १७२९ हें साल आहे. ह्या घंटा अठराव्या शतकांतल्या, ब्रागांसा घराण्याच्या काळच्या आहेत. त्यांस स्पॅनिश राजवटीच्या खुणा म्हणून दाखवूं नये. त्या मराठ्यांच्या विजयाच्या खुणा होत, व त्याच नात्यानें जपाव्या.

तिसरी शब्दांची. जुन्या मोडी कागदांत पगार, लिलांव, पाद्री, चावी, काडतूस असे पोर्तुगीज मूळचे शब्द आले म्हणजे तो गांव फिरंगाणांत होता असें कित्येक मानतात. हे शब्द बाजारांतून व लष्करांतून घाट चढून गेले. पुण्याच्या दप्तरांतहि ते आहेत. हद्दीचा पुरावा हद्दीच्या कागदांतच शोधावा.

चौथी कागदांच्या ठिकाणांची. गोव्याचें दप्तरखानें दुसऱ्या फिलिपच्याच आज्ञेनें १५९५ मध्यें स्थापन झालें व दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक झाला. आज मराठ्यांच्या इतिहासास ज्या संग्रहाची एवढी मदत होते तो संग्रह स्पॅनिश राजाच्या हुकुमाचें फळ आहे, हें आपण कृतज्ञतेनें मानलें पाहिजे. राजाकडून गलबतांच्या मोसमांत येणाऱ्या पत्रांच्या ज्या वह्या, त्यांपैकीं १६०५ ते १६५१ पर्यंतच्या बासष्ट वह्या १७७७ मध्यें लिस्बनला नेल्या गेल्या. त्यामुळें शहाजी राजांच्या काळचा शोध घेणाऱ्यास पणजीबरोबर लिस्बनचेंहि दप्तर पाहावें लागतें. सोळाव्या शतकाच्या अखेरचीं राजपत्रें कुन्य रिव्हार ह्यांनीं आपल्या ‘आर्किव्हु पोर्तुगेझ-ओरियेंताल’ ह्या मालेंत छापिलीं आहेत. बोकारुच्या ग्रंथाची प्रत पोर्तुगालांत एव्होरा येथें आहे. माद्रिदच्या पोर्तुगाल-सभेच्या वह्या स्पेनांत सिमांकासच्या दप्तरांत आहेत. पोर्तुगालांतले पुरुषांचे मठ १८३४ मध्यें व गोव्यांतले १८३५ मध्यें बंद झाले. त्या बंद झालेल्या मठांचीं दप्तरें गोव्याच्या संग्रहांत पाहावयास मिळतात.

आमच्या बाजूस राजवाडे ह्यांनीं शके १८४६ मध्यें प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर आहे व य. न. केळकरांचा ‘वसईची मोहीम’ हा ग्रंथ आहे. पण हीं दोन्ही साधनें किनाऱ्याच्या बाजूचीं. घाटतळच्या बाजूचे कागद शहापूर व मुरबाडमधील जुन्या वतनदारांच्या, देशमुख-कुळकर्ण्यांच्या व देवस्थानांच्या घरीं शोधावयास हवेत. त्यांत विशेषेंकरून चार प्रकार पाहावे: नाणेघाट व थळ घाट येथील जकातीच्या याद्या, माहुली किल्ल्याच्या इनामांचीं व नेमणुकांचीं पत्रें, लांकूड व दगड ह्यांच्या वाहतुकीचे हिशेब, आणि १७३७ ते १७३९ च्या वसई-मोहिमेसाठीं ह्या प्रांतांतून मागविलेल्या रसदेच्या चिठ्ठ्या. ह्यांतील एखादा कागद फाटका, एका ओळीचा, बिनसालाचा असला तरी तो टाकूं नये. अशा कागदाची जागा, कोणाच्या रुमालांत तो होता व त्याच्याशेजारीं कोणते कागद होते, हें प्रथम टिपून घ्यावें. वाचन मागाहून होईल. रुमाल एकदां विसकटला कीं कागदाची निम्मी साक्ष नाहींशी होते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. कोंकणांतील फिरंगी अंमलांत सप्टेंबर १५८१ ते सप्टेंबर १६४१ हा स्पॅनिश राजांचा पोटभाग वेगळा धरावा. वसईचा सेंट गोन्सालोचा मठ, १६०१ चा सेंट जोसेफचा जीर्णोद्धार, गोव्याचें बों जेझूस व सांता मोनिका हीं त्या पोटभागाचीं निश्चित स्मारकें होत. त्यांचा संबंध वाडा व मठ एकत्र बांधणाऱ्या स्पॅनिश राजकुळाच्या रीतीशीं व राजाकडे असलेल्या धर्मपालकत्वाशीं आहे. शहापूर व मुरबाड हे तालुके त्या सत्तेच्या बाहेर राहिले. परंतु तिच्या युद्धांचा परिणाम त्यांच्यावर झाला, आणि १६३६ मध्यें माहुलीवर निजामशाहीचा अंत होण्यास तो एक कारण झाला.

माहुलीवरून एका गोष्टीचा उलगडा होतो. १६३६ मध्यें ज्यास किनाऱ्यावर आश्रय मिळाला नाहीं त्याच्या पुत्रानें १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतली व पुढें माहुलीहि घेतली. ती पुरंदरच्या तहांत गेली व १६७० मध्यें मोरोपंतांनीं पुन्हां मिळविली. ज्या कोटाच्या धन्यानें दार लावून घेतलें तो कोट १७३९ मध्यें मराठ्यांकडे आला. एवढ्या लांबीच्या इतिहासाचा एक धागा शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत आहे, व त्याचीं टोंकें लिस्बन, सिमांकास आणि पणजी येथील दप्तरांत आहेत. तिकडील टोंकें विद्वानांनीं बरीच उलगडलीं. इकडील टोंक ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं आपले रुमाल सोडून दाखवावे, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.